त्रेचाळीस रेघा

लहान लेकरासाठी चित्रांचं कोणतं पुस्तक घ्यावं, असं कुणी विचारलं की माझा आवाज आपोआप चढतो. परवा शेजारच्या सूनबाईंनी विचारलं. पोरगी साडेतीन वर्षांची, मोबाईल हातातून सुटत नाही, तुम्ही शिक्षिका आहात, दोन-चार चांगली नावं लिहून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "मला नका विचारू. तिलाच दुकानात न्या आणि ती काय धरून बसते ते बघा." बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या होऊन निघून गेल्या. त्यांच्या विचारण्यात वावगं काहीच नव्हतं. पण तो प्रश्न कानावर पडला की मला लोंढे गुरुजी आठवतात, आणि त्यांच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

लोंढे गुरुजी म्हणजे बाबाराव लोंढे, वालूरचे. माझी पहिली नेमणूक वालूरजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत झाली, तेव्हा ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी परभणी शहरात वाढलेली. पहिली-दुसरीची मिळून एकोणीस लेकरं एका खोलीत घेऊन बसायचं आणि त्यांना वाचायला शिकवायचं, या कल्पनेनेच मी धास्तावले होते. आठवडाभरात एका सकाळी शाळेसमोर एक जुनी स्कूटर येऊन थांबली. मागच्या सीटवर सायकलच्या ट्यूबने आवळून बांधलेली पत्र्याची पेटी. उतरलेल्या माणसाच्या खिशात लाल-निळी पेन्सिल, पूर्वी पेपर तपासायला असायची तशी, दोन्ही टोकं चाकूने तासलेली. त्यांनी मला नमस्कार केला नाही की नाव विचारलं नाही. आधी हापशावर जाऊन हात धुतले, शर्टालाच पुसले आणि मग पेटी उघडली.

"बाई, ह्यातली कोनतीबी पाच घ्या. पंधरा दिवसांनी येतो," ते म्हणाले. "अन् लेकरांना हात धुवायला लावू नका. हात आपन धुवायचे, त्यांनी न्हाई."

"पुस्तकं मळतील की, गुरुजी."

"मळू द्या. मळलेलं पुस्तक म्हंजी जेवलेलं पुस्तक. कोरं ऱ्हायलं तर समजा उपाशी हाय."

पेटीत साठ-सत्तर चित्रपुस्तकं होती. काही मोठी, काही तळहाताएवढी, काहींत एकही शब्द नाही, नुसती चित्रं. नोकरीत असताना जिथे जातील तिथून त्यांनी ती आणली होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. एखाद्यामागे दोन, एखाद्यामागे दहा-बारा, काहींमागे काहीच नाही. या रेघांचा नियम त्यांनी मला त्या दिवशी उभ्या उभ्या सांगितला. पुस्तक वाचून संपलं आणि लेकरू आपणहून "परत" म्हणालं, की एक रेघ ओढायची. बाईंना आवडलं, साहेबांना आवडलं, बक्षीस मिळालं, याची रेघ नाही. "परत म्हनलं का? मग चांगलं. न्हाई म्हनलं? मग कागद." एवढीच त्यांची समीक्षा होती. आसपासच्या पंधरा-वीस शाळांमधून ती पेटी फिरायची, आणि कोणतं पुस्तक मागवायचं हे आम्ही शिक्षक त्या रेघा बघून ठरवायचो. ज्यांच्यामागे गुरुजींच्या निळ्या पेन्सिलीच्या रेघा असत, ती आम्ही डोळे झाकून मागवायचो.

वाचून दाखवायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. खुर्चीवर कधी बसले नाहीत. लेकरं बसत सतरंजीवर आणि हे सतरंजीच्याही खाली, फरशीवर, एका कुशीवर रेलून. सांगणाऱ्याचं डोकं ऐकणाऱ्यापेक्षा खाली पाहिजे असं त्यांचं मत. पुस्तक छातीवर उभं धरायचं, तोंड लेकरांकडे, स्वतःला पान दिसतच नसे. आवाज काढणं, हातवारे करणं, डोळे मोठे करणं, हे त्यांना अजिबात खपत नसे. "आपन नाटक केलं की लेकरू आपल्याकडं बघतंय. त्यानं चित्राकडं बघायला पायजे," असं म्हणायचे. पान उलटायची घाईही नाही. एकदा एका पानावर सतरा मिनिटं गेलेली मी घड्याळात बघितली आहेत. त्या पानावर एक कोंबडी होती आणि तिची पिल्लं मोजताना लेकरांचं भांडण लागलं होतं.

तात्पर्य या शब्दाचा त्यांना भयंकर राग होता. एकदा शाळा बघायला आलेल्या एका साहेबांनी पुस्तक संपल्यासंपल्या एका पोराला उभं केलं आणि विचारलं, "मग बाळ, या गोष्टीतून तू काय शिकलास?" पोरगं छताकडे बघायला लागलं. गुरुजी फरशीवरूनच म्हणाले, "साहेब, तुमी दुपारी जेवलात. भाकरीचं तात्पर्य काय निघालं?" साहेब हसले, पण गुरुजी हसले नव्हते. ते खरोखर उत्तराची वाट बघत होते. साहेबांनी मग पोषण आहाराचं रजिस्टर मागवलं.

बाजाराच्या दिवशी वालूरला ते एका शिंप्याच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसत. बाजाराला आलेले आई-बाप त्यांच्याकडे येऊन उभे राहात. कुणाची पोरगी अंगणवाडीत, कुणाचं पोरगं पहिलीत नाखुशीने बसलेलं. कोणतं पुस्तक आणू, असं त्यांनी विचारलं की गुरुजी उलट विचारायचे, "लेकरू दिवसभर काय करतंय?" बाप सांगायचा की कुत्र्याच्या मागं पळतंय, चिखलात बसतंय. "आयच्या मागं मागं असतंय का?" "न्हाई जी, एकटंच असतंय." मग गुरुजी चिठ्ठीवर एका पुस्तकाचं नाव लिहून द्यायचे. एकच नाव. दोन लिहा म्हटलं तर म्हणायचे, "पयलं फाटू द्या, मग या." माणसं ती चिठ्ठी घडी घालून टोपीत ठेवायची. मी कितीतरी आयांना ती चिठ्ठी परभणीच्या दुकानात दाखवताना पाहिलं आहे.

माझी पहिली चूक त्यांनी कशी पकडली ते सांगते. एक हत्तीचं पुस्तक मला फार आवडलं होतं. मी वर्गात वाचलं आणि मागे तीन रेघा ओढल्या. गुरुजी आले, पुठ्ठा उघडला, आणि दुसरीतल्या एका मुलीला जवळ बोलावून विचारलं, "परत कोन म्हनलं गं?" ती म्हणाली, "बाईनं इचारलं, परत वाचू का. मंग आमी व्हय म्हनलं." गुरुजींनी खिशातून खोडरबर काढलं आणि माझ्यासमोर, माझ्या लेकरांसमोर, त्या तिन्ही रेघा खोडल्या. पुठ्ठ्यावरचा भुगा फुंकून टाकला.

"तुमी इचारल्यावर लेकरू व्हय म्हननारच, बाई. लेकरू लय भिडस्त असतंय. ह्या रेघेत तेवढी बेइमानी नको. बाकी जगात हाय की."

माझे कान तापले होते. घरी गेल्यावर रडलेसुद्धा. पण दुसऱ्या दिवसापासून मी "वाचू का" हे विचारणं बंद केलं ते कायमचं. रेघ ओढायच्या आधी मी स्वतःला तीनदा विचारू लागले की हे लेकरू स्वतःहून म्हणालं का. त्या माणसाने मला खरं बघायला शिकवलं, हे मी आजही नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर हा सगळा राग केव्हाच संपला असता.

त्यांचा ताठपणा मी आणखी एकदा पाहिला. एका गावच्या पुढाऱ्यांनी, सगळे त्यांना दाजी म्हणत, वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला पुस्तकांचा मोठा संच दिला. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, सगळे थोर पुरुष एकाच चेहऱ्याचे. कार्यक्रमाला मंडप, हार, माईक, आणि चार शब्द बोलायला लोंढे गुरुजी. त्यांनी आदल्या आठवड्यात तो संच मागवून घेतला होता. माईकवर येऊन म्हणाले, "सात लेकरांना दाखवलं. एकानंबी परत म्हनलं न्हाई. दाजींनी मनापासून दिलं, त्यांचं भलं होवो. पन ही पुस्तकं चांगली हायेत असं मी म्हननार न्हाई." पुढाऱ्यांचा चेहरा उतरला. मागच्या रांगेत आम्ही शिक्षक मात्र मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. आपल्या बाजूला असा एक माणूस आहे याचा केवढा आधार वाटायचा.

माझ्या वर्गात दुर्गा नावाची मुलगी होती. पहिलीत. घरी बोलायची म्हणे, शाळेत तोंडातून शब्द नाही. अक्षर दाखवलं की मान खाली. पेटीत एक म्हशीचं पुस्तक होतं. त्यात शब्द नव्हते. एक म्हैस रस्त्याच्या मधोमध बसते, मागे सायकल थांबते, मग मोटारसायकल, मग ट्रॅक्टर, मग वरात, मग लग्नाचा नवरा खाली उतरून म्हशीपुढे हात जोडतो. म्हैस काही उठत नाही. दुर्गाने ते पुस्तक उघडलं आणि तिसऱ्या पानावर मोठ्याने म्हणाली, "अयं, उठायलीच न्हाई ती!" सगळा वर्ग तिच्याकडे वळला. शेवटच्या पानानंतर तिने पुस्तक उलटं करून पुन्हा पहिलं पान काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "परत." शाळेतलं तिचं हे दुसरं बोलणं. मी रेघ ओढली. म्हशीच्या पुस्तकामागची ती अकरावी रेघ.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, शाळा उघडली त्याच दिवशी, गुरुजींनी मला एक नवं पुस्तक दिलं. पेटीतून नाही, पिशवीतून काढून दिलं. चांदणीचं पुस्तक. एक चांदणी आकाशातून उतरून एका घरात येते आणि सगळ्यांना झोपलेलं बघून परत जाते. चित्रं सुंदर होती, अगदी हळुवार, कुठे जांभळा, कुठे राखाडी, झिरझिरीत पडदे, उशाशी दिवा. मी मागचा पुठ्ठा उघडला आणि बघतच राहिले. चार ओळींत त्रेचाळीस रेघा. इतक्या रेघा पेटीतल्या कोणत्याच पुस्तकामागे नव्हत्या. सगळ्या निळ्या.

"बघा लावून," एवढंच ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

मी लावून बघितलं. लेकरांनी चार पानं बघितली आणि त्यांची चुळबुळ सुरू झाली. एक पोरगा म्हणाला, "बाई, ह्यात कुनीच काही करायलं न्हाई. समदे झोपल्यात." दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. आता यात कुणाची चूक? पुस्तकामागे त्रेचाळीस रेघा असताना पुस्तकाची चूक असणं शक्य नव्हतं. मला वाटलं, माझ्याच वाचण्यात खोट आहे. मी पान सावकाश उलटून बघितलं, भरभर उलटून बघितलं, गुरुजींसारखी फरशीवर रेलून बघितलं. तरी "परत" नाही. मग मला वाटलं, माझी लेकरंच कमी पडतात. शेजारच्या गावातली लेकरं त्रेचाळीस वेळा परत म्हणतात आणि ही जांभया देतात. एक दिवस दुर्गा दप्तरावर म्हशीचं पुस्तक पसरून बसली होती. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि चांदणीचं ठेवलं. "हे बघ. हे चांगलं आहे. रोज रोज काय ती म्हैस!" तिने पुस्तकाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

ऑगस्टच्या शेवटी परभणीला बैठक होती. जिल्ह्यातल्या पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी वीस चित्रपुस्तकं निवडायची, आणि निवडणारे आम्ही शिक्षकच. त्याच्या आठवडाभर आधी गुरुजी पेटी घेऊन माझ्याकडे आले.

"तुमी न्या, बाई. मी आलो तर लोक म्हनतील बाबारावनं ठरवलं. माणूस नको मधी. रेघा बोलतील."

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत त्यांनी पेटी कुणाच्या हाती सोपवली नव्हती. एसटीत ती मांडीवर घेऊन बसले, पाय बधिर झाले तरी खाली ठेवली नाही. बैठकीत एकोणीस पुस्तकं दुपारपर्यंत ठरली. शेवटच्या एका जागेसाठी दोन उरली, म्हशीचं आणि चांदणीचं. जिंतूरकडचा एक तरुण शिक्षक उठून म्हणाला, "मॅडम, चांदणीचं मीपण नेलतं. माझ्या लेकरांनी ठेवून दिलं. म्हशीला मात्र सोडंनात." मी उभी राहिले. दोन्ही पुस्तकांचे पुठ्ठे उघडून सगळ्यांना दाखवले. अकरा आणि त्रेचाळीस. "सर, तुमची लेकरं आणि माझी लेकरं सोडा. त्रेचाळीस लेकरं खोटं बोलतात का?" तो बिचारा खाली बसला. मतासाठी हात वर झाले, आणि चांदणी एका हाताने जिंकली. तो एक हात माझा होता. माझ्या वर्गातल्या एकोणीस लेकरांनी दोन महिने मला जे सांगितलं, ते गिळून मी तो हात वर केला होता.

दिवाळीच्या आधी संच शाळाशाळांत पोचले. सुट्टी लागली तशी मी गुरुजींना भेटायला वालूरला गेले. ओसरीवर ते पेन्सिल तासत बसले होते. काकू आतून पेढे घेऊन आल्या.

"घ्या बाई, तोंड गोड करा. आमच्या अनीचं पुस्तक समद्या शाळांत लागलं. तुमीच लय भांडल्या म्हनं तिच्यासाठी. ह्यांनी सांगितलं."

"अनीचं कोणतं पुस्तक, काकू?"

"आता काय म्हनावं! चांदणीचं की. अनुराधा म्हंजी आमची अनीच, पुन्याला दिलेली. दोन वर्षं बसून चित्रं काढली पोरीनं. उन्हाळ्यात छापून आलं तवा पयलं पुस्तक घेऊन हितंच आली, बापाच्या पायावर ठेवायला."

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. मुखपृष्ठावर अनुराधा शिंदे हे नाव मी शंभर वेळा वाचलं होतं. लोंढे आणि शिंदे यांची सांगड मी कशी घालणार? पण माझं डोकं आता दुसरीकडेच धावत होतं. माझ्याकडचं पुस्तक मी परत द्यायला आणलं होतं. मी पिशवीतून काढलं आणि आजवर कधी न बघितलेलं पान उघडलं, जिथे छापखान्याचा मजकूर असतो. पहिली आवृत्ती मे महिन्यात. मे महिन्यात शाळा बंद. शाळा उघडली त्याच दिवशी ते माझ्या हातात आलं, तेव्हा त्रेचाळीसच्या त्रेचाळीस रेघा त्यावर होत्या.

"गुरुजी, ही त्रेचाळीस लेकरं कोणत्या गावची?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि चहा ठेवते म्हणत आत गेल्या. गुरुजी पेन्सिल तासतच होते. टोक कधीच निघालं होतं.

"बसा, बाई."

"मी उभीच बरी आहे."

"मीच वाचलं," ते म्हणाले. "उन्हाळाभर. अनी गेल्यावर दुपारचं एकटाच बसायचो. संपलं की वाटायचं, परत. जितक्या बार वाटलं तितक्या रेघा. एकबी जादा न्हाई, बाई, शपथेवर सांगतो."

"रेघ लेकराची असते. माझ्या तीन रेघा तुम्ही खोडल्या होत्या."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गल्लीतल्या पाच लेकरांना दाखवलं व्हतं आधी."

"मग?"

"एक म्हनलं, आबा, म्हशीचं काढा."

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्या वर्गातल्या पोराला जे चार पानांत कळलं ते त्यांना मे महिन्यातच कळलं होतं. मी विचारलं, "मग बैठकीला पेटी माझ्या हाती का दिलीत?"

"मी गेलो असतो तर मला थितं खोटं बोलावं लागलं असतं," ते म्हणाले. "तुमाला ठावं नव्हतं. तुमी बोलल्या ते खरंच बोलल्या."

इतक्या साध्या आवाजात त्यांनी ते सांगितलं, की त्याचा अर्थ डोक्यात शिरायला मला थोडा वेळ लागला. माझा प्रामाणिकपणा त्यांनी स्वतः घडवला होता, आणि गरज पडली तेव्हा तोच वापरून घेतला. मुलीवर माया करणारा बाप मला समजतो. तिला त्यांनी दहा वेळा मिठी मारावी, अख्ख्या वालूरला पेढे वाटावेत. पण रेघा तिच्या नव्हत्या आणि त्यांच्याही नव्हत्या. मी पेढा ओसरीच्या कठड्यावर ठेवला, पुस्तक पिशवीत टाकलं आणि निघाले. काकू चहाची कपबशी घेऊन दारात आल्या होत्या.

गाडीत बसल्यावर ठरवलं होतं की सगळ्यांना सांगायचं. जिंतूरच्या त्या शिक्षकाला आधी. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गुरुजींनी खोट्या रेघा ओढल्या, हे सांगायला एक वाक्य पुरे. त्या रेघांपायी मी माझ्या लेकरांना खोटं ठरवलं, हे त्याच्या पाठोपाठ सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. सुट्टी संपल्यावर दुर्गाला म्हशीचं पुस्तक द्यावं म्हटलं तर ते बैठकीनंतर पेटीसोबत गुरुजींकडे परत गेलेलं, आणि पेटी मागायला त्या घरी पाऊल टाकायची माझी तयारी नव्हती. दुर्गा पुढे वाचायला शिकली. आता वरच्या वर्गात आहे, सांगितलं तेवढं पान न अडखळता वाचते. पण पुस्तक मागायला ती माझ्याकडे पुन्हा कधी आली नाही. गुरुजींची स्कूटरही आमच्या शाळेवर त्यानंतर आली नाही. दुसऱ्या शाळांत जाते का, हे मी कुणाला विचारलं नाही.

मग माझी बदली झाली. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी देवगाव फाट्यावर सेलूच्या बसची वाट बघत उभी होते. रस्त्यापलीकडे एका हॉटेलाच्या पत्र्याखाली एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. पोरगी उन्हाने आणि कंटाळ्याने भोकाड पसरून रडत होती. हॉटेलाच्या टाकीवर एक म्हातारा हात धुवत होता. हात धुऊन त्याने शर्टाला पुसले, आणि मी ओळखलं. फार वाळले होते. पेटी नव्हती, खांद्याला नुसती पिशवी. त्या बाईशी ते काहीतरी बोलले, पिशवीतून पुस्तक काढलं, आणि त्या कळकट फरशीवर एका कुशीवर रेलले. पोरीच्या गुडघ्यापाशी त्यांचं डोकं.

मधून ट्रक जात होते, मला शब्द ऐकू येत नव्हते. येण्याची गरजही नव्हती. सायकल थांबली, मोटारसायकल थांबली, ट्रॅक्टर थांबला. पोरीचं रडणं थांबलं. नवरा हात जोडून उभा राहिला असेल तेव्हा तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. पुस्तक संपलं. पोरीने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं, उलटं केलं, आणि पहिलं पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. तोंडाने काय म्हणाली ते मला पलीकडूनही कळलं. गुरुजींनी मागचा पुठ्ठा उघडला. खिशातून पेन्सिल काढली. निळं टोक कागदावर टेकवायला नेलं आणि तसेच थांबले. किती वेळ थांबले कोण जाणे, पोरगी त्यांची बाही ओढायला लागली. मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, पुठ्ठा मिटला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

ती रेघ खरी होती. त्याला साक्षीदार मी एकटीच होते, आणि माझ्या पर्समध्ये पेन्सिल होती. रस्ता दहा पावलांचा होता. सेलूची बस आली. मी चढले.